इटालियन भाषक, अफेजिया आणि व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे ढोबळमानाने तीन गटांतले असतात: भाषाविज्ञानाचे विद्यार्थी, स्पीच थेरपी शिकणारी मुलं, आणि घरात कुणाला पक्षाघात झाल्यावर रात्री उशिरापर्यंत नेटवर शोधत बसलेले नातेवाईक. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. आधीच्या उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नक्रमांक दिला आहे. इटालियन शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. रुग्णांचा उल्लेख संशोधकांनी दिलेल्या आद्याक्षरांनी किंवा टोपणनावानेच केला आहे.

१. अफेजिया म्हणजे वाचा जाणं का?

नाही. मराठीत ‘वाचाघात’ म्हणतात, त्यामुळे हा समज होतो. अफेजियात जीभ, ओठ, घसा ठीक असू शकतात, घाव भाषेवर असतो. शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही, ऐकलेलं उलगडत नाही, लिहिणं-वाचणंही बिघडतं. बहुतेकांच्या बाबतीत कारण असतं मेंदूच्या डाव्या अर्धगोलातला पक्षाघात (स्ट्रोक). डोक्याला मार आणि मेंदूतली गाठ ही आणखी काही कारणं. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांत एकाला सुरुवातीला अफेजिया असतो.

स्नायू कमजोर होऊन बोलणं बोबडं किंवा अस्पष्ट होतं ती तक्रार वेगळी. ती सोबत असू शकते, पण तिचा व्याकरणाशी संबंध नाही. आणि घरच्यांसाठी महत्त्वाचं: माणसाला काय सांगायचं आहे ते त्याला बहुधा ठाऊक असतं. त्याच्याशी लहान मुलासारखं बोलू नका.

२. ‘व्याकरण बिघडतं’ म्हणजे नक्की काय बिघडतं?

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली आणि कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली जी वर्णनं केली, त्यांवरून आजही दोन ढोबळ चित्रं डोळ्यांसमोर ठेवली जातात. ब्रोका प्रकारात बोलणं अडखळत, तुटक, कष्टाने येतं. व्हेर्निके प्रकारात बोलणं धबधब्यासारखं वाहतं, पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही नीट कळत नाही.

ब्रोका प्रकारातल्या अनेकांच्या बोलण्यातून व्याकरणाचे बारके भाग, म्हणजे प्रत्यय, सहायक क्रियापदं, जोडणारे छोटे शब्द, एकतर गळतात किंवा चुकीचे येतात. याला ॲग्रॅमॅटिझम म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याला ‘तारेसारखं बोलणं’ म्हटलेलं सापडेल. ते वर्णन इंग्रजीला बरं बसतं. इटालियनला बसत नाही, आणि या पानावरची निम्मी उत्तरं त्याच मुद्द्याभोवती फिरतात.

३. इंग्रजीत ढिगाने संशोधन असताना इटालियनकडे का बघायचं?

कारण इंग्रजीवरून काढलेला निष्कर्ष इंग्रजीपुरताच खरा असू शकतो. इंग्रजी भाषकाने ‘वॉक्ड’मधला शेवटचा प्रत्यय गाळला तर ‘वॉक’ उरतं, आणि तो चांगला धडधाकट शब्द आहे. म्हणून ‘ॲग्रॅमॅटिक रुग्ण प्रत्यय गाळतो’ हा नियम इंग्रजीत सहज दिसतो.

इटालियनमध्ये ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक आणि ‘लिब्री’ म्हणजे पुस्तकं. शेवटचा स्वर काढला तर ‘लिब्र्’ उरतं, आणि तो शब्दच नाही. मराठीत ‘चांगला, चांगली, चांगले’ यांतून शेवटचा स्वर काढून ‘चांगल्’ असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. इटालियनमध्ये मात्र अशी नामं, विशेषणं आणि क्रियापदं हाच नियम आहे.

मग इटालियन रुग्ण काय करतो? प्रत्यय गाळत नाही, चुकीचा लावतो. हाच मुद्दा योसेफ ग्रोझिन्स्की यांनी १९८४ साली हिब्रूच्या आधारे मांडला होता. तिथे तर धातू नुसत्या व्यंजनांचा असतो, स्वरांशिवाय उच्चारताच येत नाही. ‘गाळणं’ हे रोगाचं लक्षण नव्हतं, इंग्रजीने दिलेली सोय होती. माझ्या मते या क्षेत्रात इतर भाषांच्या अभ्यासाने लावलेली ही सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे.

४. इटालियन अफेजियाग्रस्त माणूस प्रत्यक्षात कसा बोलतो? एखादं उदाहरण द्या.

पुढचं वाक्य समजावण्यासाठी मी रचलेलं आहे, कुणा रुग्णाचं नाही. समजा चित्रात एक लहान मुलगी सफरचंद खाते आहे. धडधाकट माणूस म्हणेल: ‘ला बाम्बीना मान्जा ला मेला’. यात ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद (नामाआधी येणारा, इंग्रजी ‘द’सारखा छोटा शब्द), ‘बाम्बीना’ मुलगी, ‘मान्जा’ म्हणजे खाते, आणि ‘मेला’ म्हणजे सफरचंद.

ॲग्रॅमॅटिक रुग्ण असं काहीसं म्हणेल: ‘बाम्बीना… मान्जारे… मेला’. दोन्ही उपपदं गेली. ‘मान्जा’ऐवजी ‘मान्जारे’ आलं. हे शब्दकोशात छापतात ते रूप, आपल्या ‘खाणे’सारखं. आता नीट पाहा, क्रियापद आखूड झालेलं नाही, उलट एका अक्षराने लांबलं आहे. कमी कष्टाचं म्हणून छोटं रूप निवडलं, हे स्पष्टीकरण इथे लंगडं पडतं. कधी ‘मान्जारे’ऐवजी ‘मान्जातो’ हे भूतकाळवाचक धातुसाधितही येतं, पण सोबत लागणारं सहायक क्रियापद येत नाही.

वाक्याचा कर्ता गाळला तर मात्र लगेच चूक मोजू नका. इटालियनमध्ये मराठीसारखंच ‘मी’, ‘तू’ न म्हणता नुसतं ‘जातो’, ‘येतेस’ चालतं. इंग्रजीच्या मोजपट्टीने तपासलं तर निरोगी इटालियन माणूसही रुग्ण ठरेल.

५. म्हणजे इटालियनमध्ये काहीच गळत नाही?

गळतं की. जे सुटे उभे असतात ते शब्द गळतात: उपपदं (इल, लो, ला, ई, ल्यी, ले), नामाआधी येणारी शब्दयोगी अव्ययं, सहायक क्रियापदं, आणि क्रियापदाला चिकटून चालणारी छोटी सर्वनामं. शब्दाच्या अंगातच असलेले प्रत्यय बदलतात. सुटं ते गळतं, चिकटलेलं ते बदलतं, असा साधारण आराखडा.

पण हा आराखडा सगळ्यांना सारखा लागू नाही. गाब्रिएले मिचेली, अल्फोन्सो कारामात्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली २० इटालियन रुग्णांचं मोकळं बोलणं तपासलं. कुणी उपपदं भरपूर गाळत होता पण सहायक क्रियापदं बरी सांभाळत होता, कुणाचं नेमकं उलटं. कुणी प्रत्यय क्वचितच चुकवत होता, कुणी सर्रास. एकाच निदानाच्या पाटीखाली इतका फरक निघाल्यावर त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘तथाकथित ॲग्रॅमॅटिक रुग्ण’ असा शब्दप्रयोग केला. यावरून संशोधकांत बरीच वर्षं वाजलं.

६. चुकीचा प्रत्यय लावताना रुग्ण काहीही लावतो का?

नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. चूक होते ती व्याकरणाच्या कुंपणाच्या आत. नामाला क्रियापदाचा प्रत्यय लागत नाही. ‘लिब्रो’चं ‘लिब्री’ होईल, ‘लिब्रारे’ होणार नाही.

मिचेली आणि कारामात्सा यांनी १९८८ मध्ये एफ. एस. या रुग्णाची माहिती छापली. त्याला नुसता एक शब्द ऐकून परत म्हणायला सांगितलं तरी प्रत्यय बदलायचा. विशेषणांच्या चार रूपांपैकी (रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से, सगळ्यांचा अर्थ ‘लाल’च) तो बहुधा पुल्लिंगी एकवचनाकडे घसरायचा, आणि क्रियापदात ‘-णे’सारख्या मूळ रूपाकडे. म्हणजे भाषेत जे रूप शब्दाचं ‘नाव’ म्हणून वापरलं जातं, तिकडे.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. लिंग, वचन, काळ दाखवणारे प्रत्यय तो चुकवायचा, पण नवा शब्द घडवणारे प्रत्यय (आपल्याकडे ‘चांगला’वरून ‘चांगुलपणा’ करतात तसले) जवळजवळ कधीच नाही. दोन्ही प्रकारचे प्रत्यय कानाला सारखेच छोटे. तरी मेंदूने त्यांची विभागणी केलेली दिसते.

७. शब्दाचं लिंग विसरलं जातं का? ‘काने’ (कुत्रा) पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे कसं लक्षात राहतं?

या प्रश्नाला ‘दान्ते’ या टोपणनावाच्या रुग्णाने दिलेलं उत्तर कुठल्याही सिद्धान्तापेक्षा सरस आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इटालियनमध्ये ‘-ओ’ने संपणारी बहुतेक नामं पुल्लिंगी, ‘-आ’ने संपणारी बहुतेक स्त्रीलिंगी. पण ‘-ए’ने संपणाऱ्या नामांवरून काहीच कळत नाही. ‘साले’ (मीठ) पुल्लिंगी, ‘नेवे’ (बर्फ) स्त्रीलिंगी. ‘पाने’ (पाव) पुल्लिंगी, ‘कार्ने’ (मांस) स्त्रीलिंगी. तिथे पाठांतराशिवाय उपाय नाही, जसं परक्याला आपलं ‘भिंत’ स्त्रीलिंगी आणि ‘दगड’ पुल्लिंगी का, हे सांगता येत नाही.

दान्तेला शब्द आठवत नसत. चित्र पाहून वस्तू ओळखायचा, तिचा उपयोग सांगायचा, पण नाव ओठांवर येत नसे. विल्यम बेडेकर, मिकेले मियोत्सो आणि राफाएल्ला झानुत्तीनी यांनी १९९५ साली त्याच्या चाचण्या छापल्या. आठवत नसलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, शब्द लांब की आखूड, असं विचारलं तर तो निव्वळ अंदाजपंचे सांगायचा. पण शब्दाचं लिंग विचारलं की जवळजवळ दर वेळी बरोबर. ‘-ए’वाल्या फसव्या नामांचंही.

म्हणजे शब्दाचा आवाज हाती नसताना त्याचं व्याकरण हाती असू शकतं. पुढे १९९७ मध्ये मियोत्सो आणि कारामात्सा यांनी दाखवलं की न आठवणाऱ्या क्रियापदाला भूतकाळात ‘एस्सेरे’ (असणे) लागतं की ‘आवेरे’ (जवळ असणे), हेही दान्ते सांगू शकतो. इटालियनमध्ये ‘गेला’ला पहिलं लागतं आणि ‘खाल्लं’ला दुसरं. त्याच वर्षी निरोगी इटालियन लोकांवरही असाच प्रयोग झाला. शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही अशा क्षणी त्यांनाही लिंग बऱ्यापैकी सांगता येत होतं.

दान्ते ॲग्रॅमॅटिक नव्हता हे विसरू नका. त्याचं व्याकरण शाबूत, शब्दांचे आवाज हरवलेले. प्र. ४ मधल्या माणसाच्या उलट परिस्थिती.

८. नामं येतात पण क्रियापदं अडतात, असं का?

रोममध्ये मिचेली आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ही गोष्ट इटालियनसाठी नीट मांडली. ॲग्रॅमॅटिक रुग्णांना वस्तूंपेक्षा क्रियांची नावं सांगणं जड जात होतं. नुसती नावं न आठवणाऱ्या रुग्णांमध्ये उलट कल दिसला.

‘क्रियापदाला प्रत्यय जास्त म्हणून’ हे उत्तर तोंडावर येतं, पण इटालियनमध्ये नामांनाही प्रत्यय लागतातच. एक शक्यता अशी की क्रियापदासोबत कर्ता-कर्माचा सगळा संसार येतो आणि तो पेलत नाही. क्लाउदियो लुत्सात्ती यांच्या गटाने २००२ मध्ये ५८ रुग्ण तपासून आणखी एक साधी गोष्ट पुढे आणली: ‘मांजर’ डोळ्यांसमोर चटकन उभं राहतं, ‘पटवणे’ तसं राहत नाही. शब्द किती वापरातला आणि किती चित्रमय, हे हिशेबात धरलं की काही रुग्णांमधला नाम-क्रियापद फरक नाहीसा होतो. काहींमध्ये तरीही उरतो. त्यामुळे एकच कारण सगळ्यांना चिकटवू नये.

९. जोडशब्दांचं काय होतं? ते एकच शब्द धरले जातात की दोन?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यावर इटालियनमधले दोन प्रयोग फार सुंदर आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

पहिला पादोवाचे कार्लो सेमेन्त्सा आणि सहकाऱ्यांचा, १९९७ मधला. इटालियनमध्ये क्रियापद आणि नाम जोडून वस्तूंची नावं होतात: ‘पोर्तालेत्तेरे’ म्हणजे ‘आण-पत्रं’, अर्थात पोस्टमन. ‘आस्पिरापोल्वेरे’ म्हणजे ‘ओढ-धूळ’, व्हॅक्यूम क्लीनर. जोडून तयार झालेला शब्द पक्कं नाम आहे. तरीही क्रियापदं अडणारे ब्रोका रुग्ण (प्र. ८) अशा शब्दांतला क्रियापदाचाच तुकडा गाळत होते. म्हणजे बोलताना मेंदू हा शब्द उघडून आतले भाग वेगळे घेतो.

दुसरा सारा मोन्दीनी आणि सहकाऱ्यांचा, २००२ मधला. ‘क्रोचे रोस्सा’ म्हणजे रेड क्रॉस, ती संस्था. ‘क्रोचे’ स्त्रीलिंगी म्हणून विशेषणही ‘रोस्सा’. ‘क्रोचे जाल्ला’ म्हणजे नुसता पिवळा क्रूस, असं काही ठरीव नाव नाही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही अगदी एकसारखे: नाम, मग त्याच्या लिंगाला जुळणारं विशेषण. पण ॲग्रॅमॅटिक रुग्ण ‘क्रोचे जाल्ला’सारख्या मोकळ्या जोडीत विशेषणाचं लिंग चुकवायचे आणि ‘क्रोचे रोस्सा’सारख्या ठरलेल्या नावात खूपच कमी. रंगांचा यात काही हात नाही. ‘फेब्ब्रे जाल्ला’ (पीतज्वर) ठरीव नाव आहे, तिथे तोच ‘जाल्ला’ बरोबर येतो.

ठरीव जोडी साठवणीतून अख्खी उचलता येते, मोकळी जोडी दर वेळी नव्याने जुळवावी लागते, आणि जुळवणं हेच तर बिघडलेलं असतं. मग पोस्टमन का फुटतो? बहुधा अख्खा शब्द आणि त्याचे भाग अशा दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात. नुसतं अख्खं किंवा नुसतं तुकडे, यांपैकी एकच खरं मानणाऱ्याला हे दोन निकाल एकत्र नांदवता येत नाहीत.

१०. बोलणं तुटक झालं म्हणजे समजणंही तुटक झालं, असं धरायचं का?

धरू नका. मिचेली, मात्सुक्की, मेन आणि गुडग्लास यांनी १९८३ मध्ये दोन इटालियन रुग्णांची माहिती दिली. दोघांचंही बोलणं ॲग्रॅमॅटिक होतं, पण वाक्यांचं आकलन शाबूत. आणि दोघांच्या बोलण्यातल्या चुकाही एकमेकांसारख्या नव्हत्या. तोवर बरेच जण मानत होते की व्याकरणाचं एकच केंद्र असतं, ते बिघडलं की बोलणं आणि समजणं दोन्ही बिघडतं. या दोघांनी त्या कल्पनेला चांगलाच धक्का दिला.

याचा अर्थ समजण्यात अडचण येतच नाही असा नाही. कुठे येते ते पुढच्या दोन उत्तरांत.

११. कर्मणी वाक्य समजत नाही असं वाचलं. इटालियनमध्येही तसंच का?

प्रश्न अशा वाक्यांचा आहे जिथे अर्थावरून अंदाज बांधता येत नाही. ‘मुलीकडून सफरचंद खाल्लं गेलं’ यात गोंधळ नाही, सफरचंद मुलीला खात नाही. पण ‘मुलगी मुलाकडून ढकलली गेली’ यात दोघंही ढकलू शकतात. इथे व्याकरणच वाचवतं.

एक गाजलेला सिद्धान्त असा की ब्रोका रुग्णांना कर्तरी वाक्य नीट कळतं आणि असं कर्मणी वाक्य मात्र नाणेफेकीइतकंच. कारामात्सा, कापास्सो, कापितानी आणि मिचेली यांनी २००५ मध्ये ब्रोका क्षेत्राला (मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या बाजूचा, ब्रोकांच्या नावाचा भाग) इजा झाल्याची खात्री असलेले ३८ इटालियन रुग्ण घेऊन हे तपासलं. अपेक्षित नमुना फक्त ६ जणांत दिसला. बाकीच्यांत काही दोन्हींत कच्चे, काही दोन्हींत बरे.

सिद्धान्ताचे समर्थक यावर गप्प बसले नाहीत, रुग्णांची निवड आणि आकडेमोड यांवरून वाद झालेच. पण घरच्या माणसाने यातून घ्यायचं ते साधं आहे: ‘ब्रोका’ एवढी पाटी वाचून रुग्णाला काय समजतं ते ठरवू नये. प्रत्यक्ष तपासावं (प्र. १४).

‘जिला मुलगा ढकलतो ती मुलगी’ अशा गुंतलेल्या वाक्यांत अडचण जास्त दिसते. इटालियनमध्ये तिथे दोन नामं एकामागोमाग येतात आणि कोण कुणाला, हे धरून ठेवावं लागतं.

१२. इटालियनमध्ये शब्दक्रम मोकळा आहे. मग रुग्ण कशाच्या आधारे अर्थ लावतात?

एलिझाबेथ बेट्स (१९४७–२००३) यांनी कॅलिफोर्निया आणि रोम असा दुहेरी संसार करत याच प्रश्नावर काम केलं. निरोगी लोकांपासून सुरुवात करू. ‘पेन्सिल गाय ढकलते’ अशा धाटणीचं विचित्र वाक्य इंग्रजी भाषकाला दिलं तर तो क्रमावर विसंबून म्हणतो, पेन्सिलने ढकललं. इटालियन भाषक क्रमाला फारशी किंमत देत नाही. जिवंत कोण, आणि क्रियापद कुणाशी जुळतंय, हे पाहतो.

बेट्स, फ्रीडेरिची आणि वुल्फेक यांनी १९८७ मध्ये इंग्रजी, इटालियन आणि जर्मन रुग्ण पाहिले. प्रत्ययांवरची पकड सगळ्यांचीच ढिली झाली होती, शब्दक्रमाला त्या मानाने कमी धक्का होता. पण त्यातही इंग्रजी रुग्ण इंग्रजी पद्धतीनेच चुकत होते आणि इटालियन रुग्ण इटालियन पद्धतीने. आजार झाला म्हणून सगळे कुठल्याशा सामायिक ‘तुटक भाषेत’ बोलू लागले नाहीत.

क्रम टिकतो याचा एक नाजूक पुरावा लोन्त्सी आणि लुत्सात्ती यांनी १९९३ मध्ये दिला. इटालियनमध्ये ‘नेहमी’सारखं क्रियाविशेषण काळ-पुरुष दाखवणाऱ्या क्रियापदाच्या मागून येतं, पण ‘-णे’सारख्या मूळ रूपाच्या पुढे किंवा मागे कुठेही चालतं. ॲग्रॅमॅटिक रुग्ण हा भेद पाळत होते. ज्याला उपपद आठवत नाही त्याला हा नियम मात्र ठाऊक, ही विसंगती मला आजही चकित करते.

१३. भरभर बोलणाऱ्या रुग्णांचं व्याकरण बरं असतं ना?

वरवर. व्हेर्निके प्रकारात वाक्य लांब, प्रत्यय जागच्या जागी असल्यासारखे. नीट ऐकलं तर प्रत्ययांची अदलाबदल, दोन वाक्यरचनांची सरमिसळ आढळते. याला पॅराग्रॅमॅटिझम म्हणतात. गंमत म्हणजे इटालियनमध्ये दोन्ही गटांत प्रत्ययांच्या चुका ‘बदल’ याच स्वरूपाच्या असल्याने, नुसत्या लिहून घेतलेल्या चुकांवरून दोन प्रकार वेगळे ओळखणं इंग्रजीपेक्षा अवघड जातं. बोलण्याचा वेग, ओघ आणि गळलेले सुटे शब्द (प्र. ५) पाहावे लागतात.

१४. हे सगळं तपासतात कसं?

इटलीत अफेजिया तपासण्याची परंपरा जुनी आहे. एन्नियो दे रेन्त्सी आणि लुइजी विन्योलो यांनी १९६२ मध्ये ‘टोकन टेस्ट’ छापली. वेगवेगळ्या रंगांचे, आकारांचे, लहान-मोठे तुकडे मांडायचे आणि ‘लाल गोलाला हात लावा’पासून सुरू करून सूचना अवघड करत न्यायच्या. साहित्य मामुली, पण आकलनातली बारीकशी अडचणही पकडते. ही चाचणी अनेक भाषांत वापरली जाते. याच दे रेन्त्सी यांनी १९६४ मध्ये मिलानमधून ‘कॉर्टेक्स’ हे नियतकालिक सुरू केलं.

व्याकरणासाठी इटालियनमध्ये मिचेली आणि सहकाऱ्यांची ‘बादा’ ही चाचणीमाला आहे (१९९४). तिच्यात वाक्य ऐकून चित्र निवडणं, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर की चूक हे सांगणं, दोन्ही येतं. जर्मनीतल्या आखेन चाचणीची इटालियन आवृत्तीही वापरात आहे. नुसतं भाषांतर करून चाचणी चालत नाही, हे प्र. ४ मधल्या कर्त्याच्या उदाहरणावरून लक्षात आलंच असेल.

१५. बरोबर-चूक ओळखता येतं, पण बरोबर बोलता येत नाही, हे कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि नेहमी दिसतं. इंग्रजीत १९८३ मध्ये लाइनबार्गर, श्वार्त्झ आणि सॅफ्रन यांनी ते दाखवलं, पुढे वुल्फेक, बेट्स आणि कापास्सो यांनी १९९१ मध्ये इंग्रजी आणि इटालियन रुग्णांची तुलना केली. दोन्ही गट चुकीची वाक्यं निव्वळ अंदाजापेक्षा बरीच चांगली ओळखत होते. ज्ञान पुसलं गेलेलं नाही, ते वेळेत वापरता येत नाही, असं मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार.

१६. एखादा खूपच विचित्र अपवाद?

सेमेन्त्सा, मोन्दीनी आणि काप्पेलेत्ती यांनी १९९७ मध्ये एफ. ए. या रुग्णाबद्दल लिहिलं. तिचं बाकी व्याकरण ठीक. फक्त ‘लोणी’, ‘वाळू’ अशा न मोजता येणाऱ्या पदार्थांच्या नामांचे व्याकरणाचे नियम तेवढे गेले होते. ‘एक लोणी’ धाटणीची रचना चुकीची आहे हे तिला खटकत नसे, पण लोणी म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. एवढासा नियमांचा कोपरा वेगळा बिघडू शकतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

१७. उपचारांनी व्याकरण परत येतं का?

बऱ्याच जणांत सुधारणा होते. पहिल्या काही महिन्यांत वेगाने, नंतर सावकाश, पण वर्षांनंतरही थांबतेच असं नाही. इटालियन रुग्णांबरोबर क्रियापदांवर बरंच काम झालं आहे. रोममध्ये पाओला मारान्गोलो यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की कुणीतरी केलेली कृती नुसती लक्षपूर्वक पाहिल्यावरही काही रुग्णांना ते क्रियापद आठवणं सोपं जातं. सगळ्यांना नाही. कुठला व्यायाम कुणाला, हे थेरपिस्टनेच ठरवायचं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था, या दोन सरकारी संस्थांत वाचा-भाषेच्या तक्रारींसाठी सेवा मिळते.

१८. हे मराठीला लागू होतं का?

अर्धं. विशेषणं आणि बरीच नामं इटालियनसारखी आहेत, शेवटचा स्वर काढून चालत नाही (प्र. ३). पण ‘घर’, ‘झाड’ अशी नामं विनाप्रत्यय ठणठणीत उभी राहतात, आणि ‘जा’, ‘बस’, ‘कर’ ही तर नुसत्या धातूंचीच आज्ञार्थी रूपं. म्हणजे मराठी रुग्णाला प्रत्यय गाळण्याची वाट काही ठिकाणी मोकळी आहे, जी इटालियन माणसाला नाही. त्यावर सामान्यरूप: ‘घोड्याला’मधला ‘ला’ गळला तर ‘घोड्या’ उरायला हवं, की माणूस ‘घोडा’वर परत जाईल? आणि ‘आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं’ यात क्रियापद कर्माशी जुळतं, इटालियनच्या साध्या वाक्यात ते कर्त्याशी जुळतं. लीस मेन आणि लोरेन ओब्लर यांनी १९९० मध्ये १४ भाषांमधल्या ॲग्रॅमॅटिक बोलण्याचे नमुने एकत्र छापले, त्यात इटालियनबरोबर हिंदी आहे, मराठी नाही. एम. ए.च्या प्रबंधाला विषय शोधणाऱ्यांनी ‘घोड्या’चा प्रश्न उचलायला हरकत नाही.

१९. घरी बोली आणि बाहेर प्रमाण भाषा बोलणाऱ्याचं काय होतं?

इटलीत ही परिस्थिती घरोघरी असते, त्यामुळे तिथे यावर चांगली माहिती आहे. फ्रांको फाब्ब्रो यांनी २००१ मध्ये फ्रियुलियन (ईशान्य इटलीतली भाषा) आणि इटालियन दोन्ही बोलणारे २० रुग्ण नोंदवले. १३ जणांच्या दोन्ही भाषा सारख्याच बिघडल्या होत्या, ४ जणांची नंतर शिकलेली भाषा जास्त, ३ जणांची मातृभाषा जास्त. फ्रियुलियनमध्ये क्रियापदाआधी कर्त्याचं छोटं सर्वनाम लावावंच लागतं, इटालियनमध्ये लागत नाही. त्यामुळे तोच माणूस एका भाषेत ते गाळून ‘चुकतो’ आणि दुसऱ्या भाषेत त्याच जागी चूक होऊच शकत नाही.

अपवाद हवा असेल तर ई. एम. ही बाई. वेरोनाची, आयुष्यभर वेरोनीज बोलीत वावरलेली, इटालियन क्वचितच बोललेली. डाव्या बाजूला, मेंदूच्या खोल भागात पक्षाघात झाल्यावर तिची बोली मागे पडली आणि ती इटालियनमध्ये बोलू लागली. सालवातोरे आल्योती आणि फाब्ब्रो यांनी १९९३ मध्ये ही नोंद केली. घरच्यांनी बोलीत विचारावं आणि तिने इटालियनमध्ये उत्तर द्यावं.

म्हणून थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाल तेव्हा रुग्णाला कोणकोणत्या भाषा आणि बोली येत होत्या, कुठली कुणाशी बोलायचा, कुठल्या भाषेत शाळा झाली, हे लिहून न्या. ‘घरी अहिराणी, कचेरीत मराठी, थोडी हिंदी’ असं असेल तर तसंच लिहा. फॉर्मवर मातृभाषेसाठी एकच ओळ असली तरी.